सर्व्हर दोन, पत्ता एकच
पावसाळ्यात विरारला लाइट गेली आणि सर्व्हर बसला, की शाळेची फी, ट्रस्टचा जकात-सदक्याचा हिशेब सगळंच अडतं. म्हणून काही ठिकाणी दोन सर्व्हर ठेवतात. पण ऑफिसातले कॉम्प्युटर बंद पडलेल्या मशीनचाच आयपी पत्ता शोधत बसतात!

आम्ही सुचवू ते असं: एकाला १९२.१६८.१.१०, दुसऱ्याला १९२.१६८.१.११, आणि कॉम्प्युटरमध्ये टाकायचा तिसरा, फिरता पत्ता १९२.१६८.१.५०. लिनक्सवरचं मोफत ‘कीपअलाइव्हड’ मुख्य मशीनवरून दर सेकंदाला ‘मी चालू आहे’ असा निरोप पाठवतं. तीनेक सेकंद निरोप आला नाही, की दुसरं मशीन फिरता पत्ता घेतं. हे तिन्ही पत्ते राउटरच्या डीएचसीपी यादीतून आधी वगळा, नाहीतर एखाद्याच्या मोबाइलला जातील. जमाखर्चाच्या नोंदी मात्र अशा आपोआप जात नाहीत. त्यांची नक्कल सतत चालू ठेवायची सोय वेगळी करावी लागते. रमजानच्या गर्दीआधी एकदा मुख्य मशीनची वायर काढून बघाच.