नूडल्सचा वाडगा आणि शिरवळ्यांचे शास्त्र

बदलापूरजवळच्या चामटोलीतील स्वयंपाकघरात पूर्व आशियाई धर्तीचा नूडल्सचा वाडगा नवखा वाटला, तरी त्यामागचे शास्त्र कोकणातल्या शिरवळ्यांत जुनेच आहे. तांदळात ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला ताण देणारे प्रथिनांचे चिवट जाळे, नसते. म्हणून शिरवळ्यांसाठी पिठाची उकड काढून तिचे मुटके शिजवतात आणि उष्णतेने फुगून चिकट झालेले पिष्ट, अर्थात स्टार्च, साच्यातून दाबलेली तार धरून ठेवते.

झटपट नूडल्सची युक्ती निराळी आहे. मोमोफुकु आंदो यांनी १९५८ साली जपानमध्ये बाजारात आणलेल्या प्रकारात वाफवलेल्या नूडल्स तेलात तळलेल्या असत. तळताना आतील पाणी वाफ होऊन निसटे आणि मागे उरलेल्या सूक्ष्म छिद्रांतून गरम पाणी पुन्हा चटकन आत शिरे.

तांदळाच्या बारीक सुक्या नूडल्स तर उकळाव्याही लागत नाहीत. नुकत्याच उतरवलेल्या उकळत्या पाण्यात मऊ होताच त्या गार पाण्याने धुतल्या, की पृष्ठभागावरचे पिष्ट निघून जाते व गुंता टळतो. रस्सा मात्र वेगळा उकळावा. कोथिंबीर आणि लिंबाचा रस, ज्यांची सुगंधी द्रव्ये उष्णतेने उडून जातात, वाडगा भरल्यावरच घालावीत.