मातीतला राखणदार

होळीची पुरणपोळी पानात पडली की मला हमखास एक शेत आठवतं.

१९८८ सालची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका खेड्यात मी बँकेचा अधिकारी म्हणून नवाच होतो. आमच्याकडून पीककर्ज घेतलेल्या एका आबांचा हरभरा ऐन फुलोऱ्यात जागोजागी वाळला होता.

"पाण्याची हेळसांड झाली का आबा?" मी विचारलं.

त्यांनी एक झाड उपटून माझ्या हातात दिलं. "बघा साहेब, हिरवं असतानाच मान टाकतंय. जमिनीतच काहीतरी बसलंय."

मी अहवालात 'मशागतीकडे दुर्लक्ष' असा शेरा मारला. त्या शेऱ्यापायी मुदतवाढ अडली. आबांनी बैल विकून कर्ज फेडलं.

जमिनीत बसलेलं ते 'काहीतरी' म्हणजे फ्युजेरियम नावाची बुरशी, हे मला फार उशिरा कळलं. हरभऱ्याचा मर रोग तिच्यामुळेच होतो. ती मुळांवाटे शिरते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. खोड उभं चिरलं तर आत काळपट रेघ दिसते. हरभरा पेरला नाही तरी ती मातीत पाच-सहा वर्षं तग धरते. वरून फवारणी करून तिथवर पोहोचता येत नाही.

पण काट्याने काटा काढावा, तसा बुरशीनेच बुरशीचा बंदोबस्त करता येतो. ट्रायकोडर्मा ही मातीतलीच, पण शेतकऱ्याच्या बाजूची बुरशी. रोगट बुरशीच्या धाग्यांना ती वेढे घालते, त्यांचं कवच विरघळवते आणि त्यांच्यावरच पोसते. रिचर्ड वाइंडलिंग या संशोधकाने तिचा हा गुण १९३२ मध्येच दाखवून दिला होता. पेरणीपूर्वी किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम भुकटी चोळायची. कुजलेल्या शेणखतातूनही ती जमिनीत देता येते.

ही जादू मात्र नव्हे. वाळलेलं झाड ती उठवत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे 'विजय', 'दिग्विजय' यांसारखे मर रोगाला दाद न देणारे वाण आणि पिकांची फेरपालट यांची जोड तिला लागतेच.

गेल्या दिवाळीनंतर मी त्या गावी गेलो. आबा आता नाहीत. त्यांचा नातू पडवीत बियाण्याला भुकटी चोळत होता. "ऊन लागू द्यायचं नाही काका, जिवंत आहे ते," तो म्हणाला.

मी त्याला माझ्या शेऱ्याची गोष्ट सांगितली. तो हात न थांबवता म्हणाला, "ठाऊक आहे. आजोबा म्हणायचे, साहेबांनी झाड हातात घेतलं, पण चिरून नाही बघितलं."