कानातला बिल्ला आणि कुर्बानीचा बकरा

मागच्या वर्षी आमच्या मोहल्ल्यात जनावरांना लस टोचणारे आले, तेव्हा शेजारच्या खालांनी आपला बकरा न्हाणीघरात कोंडून ठेवला. “कानाला भोक पाडून बिल्ला लावतील, मग कुर्बानी कशी व्हायची?” ही त्यांची भीती. महिनाभराने गावाहून एक शेळी आली. तिचे नाक गळू लागले, तोंडात फोड आले, हगवण लागली. आठवड्यात शेळी गेली, मागोमाग बकराही. डॉक्टर म्हणाले, “पीपीआर. लस दिली असती तर बहुधा वाचला असता.”

पीपीआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी. माणसाला ती होत नाही, पण कळपात झपाट्याने पसरते. एका लसीने सुमारे तीन वर्षे संरक्षण मिळते. गुरांची बुळकांडी लसीकरणानेच हटली. २०११ मध्ये जग तिच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. पीपीआर २०३० पर्यंत संपवण्याचे जागतिक उद्दिष्ट आहे.

आपल्या देशात सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीला त्यात दोन रोग होते: लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस. ब्रुसेलोसिसने जनावरे गाभडतात आणि कच्च्या दुधातून तो माणसालाही होतो. म्हणून दूध उकळूनच प्यावे. कोणत्या जनावराला कोणती लस कधी दिली, याची नोंद बिल्ल्यावरच्या बारा अंकी क्रमांकाने राहते.

आता खालांचा प्रश्न. कुर्बानीचे जनावर निर्दोष हवे, हे खरेच. पण हनफी उलेमांच्या मते कानाचा मोठा भाग कापलेला असेल तर अडचण येते. बिल्ल्याच्या लहानशा छिद्राने नाही. तरीही शंका असेल तर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारावे, जनावर लपवू नये.

आजारी उंट निरोगी उंटांजवळ आणू नयेत, अशी ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली होती. आपणही नवे जनावर दोन-तीन आठवडे वेगळे बांधावे, त्याचे दाणा-पाणी वेगळे ठेवावे आणि जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीची चौकशी करावी. मुके जनावर ही आपल्याकडची अमानत आहे.

या वर्षी खालांनी बकरा घेतला आणि मला पहिलाच प्रश्न केला, “बेटा, ते सुईवाले कधी येणार?”