इस्पितळातले मूल आणि रुमालाचा उंदीर



पेंढा उचलताना, लाकडे काढताना किंवा कौले शाकारताना लाल विंचू डसला, तर आपल्या रायगडच्या किनारपट्टीत त्याचे परिणाम काय होतात हे सर्वांना ठाऊक आहे. १९७६ पासून महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम केलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या दंशाचा कसून अभ्यास केला. हे विष हृदयावर आघात करते. प्राझोसिन हे औषध वेळेवर दिल्यास रोगी वाचतो, हे त्यांनी दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली, की भगताकडे न जाता मुलाला तडक दवाखान्यात न्यावे.

पण दवाखान्यात पोचल्यावर दुसरी अडचण उभी राहते. मूल भेदरलेले असते. अनोळखी माणसे, औषधांचा वास, हातात टोचलेली सुई. ते हातपाय झाडते, सलाईन लावू देत नाही. भीतीने छातीचे ठोके वाढतात आणि दुखणे आहे त्याहून जास्त वाटते. नवा खोंड प्रथम जुवाखाली येताना बिथरतो. जाणता शेतकरी त्याला मारीत नाही. पाठीवरून हात फिरवतो, तोंडासमोर पेंढी धरतो. मुलाचेही तसेच आहे. त्याचे मन दुसरीकडे वळवले पाहिजे.

यासाठी हातचलाखीचे छोटे खेळ फार उपयोगी पडतात. २००५ साली इस्रायलमधील दंतवैद्यांनी खुर्चीवर बसायला तयार नसलेल्या ३ ते ६ वर्षांच्या मुलांवर हा प्रयोग केला. ज्यांना आधी जादू दाखवली, ती मुले लवकर खुर्चीत बसली. अमेरिकेत डेव्हिड कॉपरफिल्ड या जादूगाराने १९८२ मध्ये रुग्णांनाच जादू शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. त्यामुळे दुखऱ्या हाताबोटांना व्यायाम मिळतो आणि आपल्यालाही काही येते हा धीर रोग्याला येतो.

आपल्याकडे पुण्याचे जादूगार रघुवीर यांचे प्रयोग पाहिलेली मंडळी आजही भेटतील. पण त्यासाठी मोठा जादूगार लागत नाही. रुमालाचा उंदीर करून तो हातावरून उडवणारे आजोबा बहुतेक घरांत असतात. दुसरा सोपा खेळ रबराचा. डाव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या दोन बोटांत रबर अडकवावे. उजव्या हाताने ते तळव्याकडे ताणून मूठ मिटताना चारही बोटांची टोके ताणलेल्या रबराच्या आत घालावीत. आता रबर सोडून मूठ झटकन उघडावी. रबर उडी मारून पलीकडच्या दोन बोटांत जाते! दोन-तीनदा दाखवून झाल्यावर हा खेळ मुलालाच शिकवावा. नर्सताईंना खेळ दाखवून चकित करायचे आहे म्हटल्यावर तेच मूल त्यांची वाट पाहू लागते.

मात्र पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. डॉक्टर किंवा नर्स यांना विचारूनच खेळ दाखवावा. उपचारात अडथळा आणू नये. मूल ग्लानीत असेल, धाप लागली असेल तर खेळ नको.

२. लहान मुलांच्या हाती नाणी, मणी, रबर देऊ नये. ती तोंडात घालतात. त्यांना रुमालाचाच खेळ बरा. खेळाआधी हात साबणाने धुवावेत.

३. ‘सुई दुखणार नाही’ असे खोटे सांगू नये. ‘मुंगी चावल्यासारखे होईल, मी जवळ आहे’ असे सांगावे.

४. ‘जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी घरी कधीही देऊ नये. त्या भीतीचे बी आपणच पेरतो आणि पीक इस्पितळात उगवते.

५. खेळ संपल्यावर ही हातचलाखी आहे, मंत्र नव्हे, हे मुलाला समजावून द्यावे. भगताच्या करणीला ते मूल पुढे सहजासहजी भुलणार नाही.

खेळाने विष उतरत नाही. ते काम औषधाचे. परंतु ते औषध शांतपणे घेण्याइतका धीर मुलाला देणे हे आईबापांचे काम आहे. इस्पितळात निघताना चादर-तांब्याबरोबर पिशवीत एक स्वच्छ रुमालही टाकावा.