ग्रंथसूचीसाठीं भाड्याची जागा

चिपळूण येथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हें १८६४ सालीं स्थापन झालेलें ग्रंथालय. वाशिष्ठीच्या पुरानें २००५ सालीं व पुन्हां जुलै २०२१ मध्यें त्याच्या ग्रंथसंग्रहाची मोठी हानि केली. अशा प्रसंगीं ग्रंथांची यादीहि त्याच इमारतींत असेल, तर काय गेलें हेंहि सांगतां येत नाहीं. म्हणून रत्नागिरी जिल्ह्यांतील वाचनालयांनीं आपली ग्रंथसूची दूरच्या सर्व्हरवर ठेवणें इष्ट होय. तेथील जागा भाड्यानें घेणें यालाच वेब होस्टिंग म्हणतात.

जागा ठरविण्यापूर्वीं बिऱ्हाड कोणाचें हें पाहिलें पाहिजे. ग्रंथालयांसाठीं ‘कोहा’ नांवाचें सॉफ्टवेअर आहे. १९९९ सालीं न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठीं तें तयार झालें. तें विनामूल्य मिळतें. त्या माओरी शब्दाचा अर्थच देणगी. धर्माच्या गाईचे दात मोजूं नयेत हें खरें, पण तिला वैरण कोणती लागते हें विचारावेंच लागतें. कोहा पर्ल भाषेंत लिहिलेलें आहे. त्याला लिनक्स लागतें, नोंदी साठविण्यास मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल लागतें, शिवाय शोधसूची ताजी ठेवणारें एक काम पडद्याआड अखंड चालू असावें लागतें.

सर्वांत स्वस्त होस्टिंग म्हणजे चाळींतील खोली : एका सर्व्हरवर अनेक भाडेकरू, आणि मुख्य किल्ली मालकाजवळ. पीएचपीमध्यें लिहिलेलें वर्डप्रेस तेथें सुखानें नांदतें. कोहाची मांडणी करण्यास मात्र ती मुख्य किल्ली, म्हणजे ‘रूट’ अधिकार, हातीं असावा लागतो. ‘अमर्याद जागा’ या जाहिरातीनें येथें कांहींच साधत नाहीं. अडचण जागेची नसून अधिकाराची आहे. अशा वेळीं स्वतंत्र आभासी सर्व्हर घ्यावा, आणि तो सांभाळणारा जाणता मनुष्यहि आधींच पाहून ठेवावा. पुष्कळ संस्था हें दुसरें विसरतात.

वर्षाचे पैसे भरण्यापूर्वीं महिनाभर जागा घेऊन शेंपन्नास ग्रंथांच्या नोंदी करून पाहाव्या. त्या मराठीच असाव्या. इंग्रजी नांवांवर परीक्षा घेणें व्यर्थ. युनिकोडमध्यें ‘ळ’ हा ‘ल’च्या शेजारीं बसविला आहे, आपल्या वर्णमालेंत तो ‘ह’च्या पुढें येतो, तेव्हां अकारविल्हे यादी कशी लागते तें डोळ्यांनीं पाहावें. नोंदींची दुसरी प्रत किती दिवसांनीं घेतली जाते व कोठें ठेवली जाते, हेंहि विचारावें, आणि ती एकदां प्रत्यक्ष परत उतरवून पाहावी. ती मूळ सर्व्हरवरच ठेवीत असतील, तर आणखी एक प्रत वाचनालयानें स्वतः अन्यत्र ठेवावी.