फॉरमॅटपूर्वीची तजवीज

विंडोज १० या संचालन प्रणालीला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि घरोघरच्या जुन्या संगणकांवर नवी प्रणाली बसवण्याचा प्रसंग अनेकांवर आला. यंत्र दुरुस्तीस नेले असता ‘फॉरमॅट मारावा लागेल’ एवढेच सांगितले जाते. परंतु त्या सी ड्राइव्हवर मालकाची वर्षानुवर्षांची पत्रे, छायाचित्रे, हिशेब आणि लेखनाचे मसुदे साठलेले असतात, आणि त्यांतले काय मोलाचे व ते कोठे ठेवले आहे, हे मालकावाचून अन्य कोणास ठाऊक असणे शक्य नसते.

आपल्या फाइली जशाच्या तशा राखून प्रणाली नव्याने बसवण्याचा पर्याय विंडोज स्वतःच देते, आणि तो बहुधा दिल्या शब्दास जागतोही. तथापि केवळ त्या हवाल्यावर विसंबणे किती धोक्याचे असते, याचा दाखला ऑक्टोबर २०१८ मध्ये मिळाला. त्या महिन्याच्या २ तारखेस निघालेली विंडोज १० ची सुधारित आवृत्ती अवघ्या काही दिवसांत थांबवावी लागली, कारण ज्यांनी आपला डॉक्युमेंट्ससारखा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला होता, परंतु जुन्या जागी काही फाइली तशाच राहू दिल्या होत्या, अशांपैकी काहींच्या जुन्या जागेवरील फोल्डर, रिकामे समजून, आतील ऐवजासह पुसले गेले. ही आवृत्ती दुरुस्त होऊन १३ नोव्हेंबर रोजी पुन्हा निघाली. तक्रारी करणाऱ्यांचे प्रमाण अत्यल्प होते, हे खरे. परंतु ज्याचे दफ्तर गेले त्याला प्रमाणाने कसला दिलासा मिळणार?

म्हणून पहिले काम यादीचे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स हे चार फोल्डर सर्वांना आठवतात. विसरतात ते आडबाजूचे. आउटलुकमधील पत्रव्यवहार ज्या फाइलीत साठतो ती पुष्कळदा लपवलेल्या फोल्डरात असते, ब्राउझरमधील खुणा व सांकेतिक शब्द त्याच्या स्वतःच्या कप्प्यात असतात, आणि दुकानदाराच्या टॅलीतील हिशेब टॅलीला नेमून दिलेल्या फोल्डरात असतात.

मराठीत लिहिणाऱ्यांनी या यादीत आणखी एक नोंद आवर्जून करावी, आणि ती फॉन्टची. देवनागरीला युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत स्थान मिळाले असले, तरी आपल्याकडील छापखाने, साप्ताहिके आणि टंकलेखक पुढेही दीर्घकाळ श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख अशा फॉन्टांत काम करीत राहिले, आणि त्यांतील पुष्कळ फॉन्टांची रचना अशी की रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. हे फॉन्ट बहुधा विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात राहतात, वैयक्तिक फाइलींत नव्हे; सबब प्रणाली नवी बसली की ते जातात, फाइल मात्र शाबूत राहते, आणि उघडल्यावर तिच्यात रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक समूह दिसतो. मोडी जाणणारा नसेल तर पेशवे दफ्तरातील रुमाल जसा मुका राहतो, तशीच या मजकुराची गत होते. स्मरणिकांचे अंक, संस्थांची इतिवृत्ते, कुणा वृद्ध लेखकाच्या आत्मचरित्राचा एकमेव टंकलिखित मसुदा, अशी पुष्कळ सामग्री आजही याच रूपात पडून आहे. तेव्हा त्या फॉन्टांच्या फाइली, आणि सॉफ्टवेअर विकत घेतले असेल तर त्याची परवान्याची किल्लीही, दस्तऐवजांसोबत जतन करावी. आणि सवड काढून हा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवावा, हा माझा कळकळीचा आग्रह आहे.

नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी, आणि शक्य तर दुसरी आणखी एखाद्या ठिकाणी. तिची खातरजमा मात्र ती दुसऱ्या संगणकाला जोडून, प्रत्येक फोल्डरातील दोनचार फाइली प्रत्यक्ष उघडून पाहिल्यावाचून झाली असे मानू नये. वनड्राइव्हवर सारे आहे, असे म्हणणाऱ्यांनी फुकट मिळणारी जागा ५ जीबीच असते आणि ती भरल्यावर पुढील फाइली वर चढत नाहीत, हे तपासावे. शिवाय तेथे समन्वय असतो, म्हणजे एका ठिकाणी पुसलेली फाइल दुसऱ्या ठिकाणाहूनही नाहीशी होते. अलीकडील अनेक लॅपटॉपांवरील डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते, आणि यंत्र अडल्यास ४८ अंकी किल्लीवाचून ती कारागिरालाही उघडता येत नाही. ती किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा आहे का, हे पाहून कागदावर उतरवून ठेवावी.

विंडोज न पुसता वरून बसवली असल्यास मागील प्रणाली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात जाते, आणि त्यात राहून गेलेली एखादी फाइल सापडू शकते. परंतु नव्या आवृत्तीवर गेल्यानंतर तो फोल्डर साधारणतः १० दिवसांनी आपोआप पुसला जातो. फॉरमॅट होऊन गेल्यावर चूक उमगली, तर यंत्र तत्क्षणी बंद करून त्यावर काहीही नवे लिहू नये: जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर घाईघाईच्या फॉरमॅटने केवळ नोंदवही कोरी झालेली असते आणि मूळ मजकूर काही काळ जागेवर असतो, म्हणून जाणकाराला तो पुष्कळदा परत मिळवता येतो. एसएसडीवर मात्र रिकाम्या ठरलेल्या जागा यंत्र आपणहून साफ करीत असल्याने ही आशा फार थोडी उरते.