एका गुंड्याचे गणित

गेल्या पौषात आमच्या सूनबाईंनी नातवासाठी गळपट्टा विणावयास घेतला. चार बोटे विणणे उरले आणि लोकर संपली. दुसरा गुंडा त्याच रंगाचा आणला; परंतु तो निराळ्या वेळी रंगविलेला असल्यामुळे सांधा उठून दिसे. अखेर सारे उसवावे लागले.

चौरसाचा कर्ण त्याचे दोन समान भाग करितो, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकविले; घरी मात्र ते त्या दिवशी सुचले! गळ्याचा रुमाल कोपऱ्यापासून आरंभावा. सुईवर तीन टाके घालून सर्व ओळी सुलट विणाव्या आणि प्रत्येक ओळीच्या आरंभी एक टाका वाढवावा. गुंडा मधूनमधून तोलीत जावे. ५० ग्रॅमांपैकी २६ उरताच वाढविणे थांबवून ओळीमागे एक टाका कमी करावा. चढण्यास लागली तितकीच लोकर उतरण्यास लागते. वरचे दोन ग्रॅम हातातील कमीजास्तीस पुरतात. शिवाय तिरकस वीण चांगली ताणते.

सूनबाईंनी पहिल्या गुंड्याची लोकर लडी करून धुतली, वाळविली आणि असाच रुमाल विणला. शेवटी वीतभर धागा उरला. नातू तो रुमाल रात्रीही सोडीत नाही.